हजेरी

फोन रोझमोंदने उचलला. दवाखान्यातली बाई म्हणाली, "आनिसेंच्या रक्तातला प्रोस्टेटचा आकडा फार चढलाय, कॅन्सरची शंका आहे. पुढच्या तपासण्या लगेच करा. वेळेत उपचार झाले तर माणूस बरा होतो, उशीर नको."

तिने नवऱ्याला तसंच सांगितलं. आनिसे आधी हसला. मग एकदम पायरीवर बसला.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "फुलबेरला तर मुळीच नको."

हे तिला खटकलं. फुलबेर त्याचा जिवाभावाचा. दोघांनी उभं आयुष्य मार्तिनिक बेटावरच्या केळीच्या मळ्यात काढलं, तिथलं फवारणीचं विषारी औषध बरोबरीने अंगावर घेतलं. एक रम पिऊन पडला की दुसरा मुकादमापुढे दोघांच्याही नावाला ‘हजर’ म्हणायचा. परवा नगरपालिकेत रक्ततपासणी होती, तेव्हा कुरकुरणाऱ्या आनिसेला तिने दाराबाहेर ढकललं, तर नुसता सोबतीला म्हणून फुलबेर गेला होता. येताना दोघं शीळ घालत आले होते.

आनिसे दवाखान्यात जाईना. रोज म्हणे, "उद्या जाऊ." आणि ज्याने कधी चुलीकडे पाहिलं नव्हतं, तो आता संध्याकाळी माशाचा रस्सा रांधून फुलबेरकडे नेऊ लागला. फुलबेरची बायको लेओनी अजून देखणी होती.

एका संध्याकाळी रोझमोंद मागोमाग गेली. फुलबेर अंगणात डॉमिनोच्या सोंगट्या मांडत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आनिसेचा दबका आवाज आला.

"रात्री उठतो का गं तो?"

"सारखा उठतो," लेओनी म्हणाली. "तुला कशाला पंचाईत?"

रोझमोंदचे कान तापले.

"वहिनी, उभ्या का?" फुलबेरने अंगणातून हाक मारली. "या, बसा. तुमचा नवरा हल्ली मुद्दाम हरतो. म्हातारपणी लाज सोडली की काय त्याने?"

ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. आनिसेला दंडाला धरून तिने रस्त्यावर आणलं.

"आजारी तू, आणि रस्सा तिला? कधीपासून चाललंय हे?"

"लेओनीचं नाव घेऊ नकोस."

"मग कुणाचं घेऊ? डॉक्टरांकडे जायला तुझे पाय उचलत नाहीत, इथे यायला बरे उचलतात. मला विधवा करायला निघालास तू."

आनिसेने मागे वळून पाहिलं. अंगणात फुलबेर सोंगट्या पिसत गुणगुणत होता.

"रोज सांगायचं ठरवून येतो," आनिसे म्हणाला. "तोंड उघडत नाही."

"काय सांगायचंय?"

"सुई पाहिली की मला घेरी येते, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी माझं नाव पुकारलं, तेव्हा ‘हजर’ म्हणून बाही फुलबेरने वर केली."