अडलेला आकडा

क्रांतीचा डेंग्यूचा ताप उतरला, पण रक्तातल्या प्लेटलेटचा आकडा खालीच अडून बसला. सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्या वडिलांना, शंभूराजला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत हलला नाही तर बाहेरून प्लेटलेट द्याव्या लागतील. तिच्या रक्तगटाचा माणूस बोलावून ठेवा."

घरात तो गट एकट्या शंभूराजच्या धाकट्या भावाचा, ऋषिराजचा. विहिरीच्या पाण्यावरून वाजल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. शंभूराजनं मन घट्ट करून फोन लावला. पलीकडून एवढंच आलं, "निघालो."

गावाहून मोटारसायकल हाणत ऋषिराज आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

तेवढ्यात बाईंनी शंभूराजला आत बोलावलं. "पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले होते, म्हणून मशीन कमी मोजत होतं. आम्ही मायक्रोस्कोपखाली पुन्हा मोजल्या. भरपूर आहेत. आता कुणाचं रक्त नको."

शंभूराज बाहेर आला. त्याचा चेहरा बघून ऋषिराज ताडकन उठला.

"काय म्हणल्या? कवा घ्यायचं रक्त, दादा?"

किती दिवसांनी 'दादा' ऐकलं होतं. शंभूराजनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः त्याला खेटून बसला.

"पोरगी बरी हाय. रक्ताला अजून येळ हाय म्हणत्यात," तो म्हणाला. "बस जरा."