कमानीच्या अलीकडे

"आजी, चल ना, रांग बघ केवढी वाढली!" मिनोरीने हात ओढला, पण फुमिए देवळाच्या दगडी कमानीपुढे खिळल्यासारखी उभी राहिली.

कमान ओलांडली की देवाचं अंगण. घरातलं माणूस गेलं असेल तर पन्नास दिवस कमानीखालून जायचं नाही, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फुमिएचा मुलगा कात्सुया जाऊन सतरा दिवस झाले होते. आणि तिच्याशिवाय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

माहीत होणार तरी कसं? एकोणीस वर्षांपूर्वी कात्सुया बापाची बोट सोडून इथे ओसाकाला निघून आला, त्या दिवसापासून इवाओने त्याचं नाव टाकलं. भिंतीवरचे फोटो उतरले. कुणी विचारलंच तर "मला मुलगाच नव्हता" म्हणायचा. बापाच्या धाकाने लेकीनेही भावाचं नाव घेणं सोडलं. पंधरा वर्षांच्या मिनोरीला तर आपली आई एकुलती एकच वाटायची.

डिसेंबरअखेरीस एका दुपारी फोन आला. कात्सुया ज्या खानावळीत काम करायचा, तिथल्या मालकिणीचा. बरेच दिवस आजारी होता, घरी कळवू नका म्हणून हट्ट धरून बसला होता. दहनही झालं. अस्थी जवळच्या बुद्धमंदिरात ठेवल्यात. इवाओ तेव्हा धक्क्यावर होता. बरं झालं, असं फुमिएला वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी तिने भीतभीत विषय काढला. नात पुढच्या महिन्यात परीक्षेला बसणार, तिला ओसाकाच्या विद्येच्या देवाला घेऊन जाऊ, शहरही बघू. घाईघाईत सुचलेलं निमित्त ते. त्याच देवाच्या दारात आपले पाय अडकतील, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ऐन खेकड्यांच्या हंगामात इवाओ बोट सोडून कधी कुठे गेला नव्हता. लेकीच्या लग्नातसुद्धा जाळ्यांच्याच गप्पा मारत बसला होता. पण या वेळी "जाऊ" एवढंच म्हणाला. फुमिएला हायसं वाटलं. लेक नर्स, तिला रजा मिळाली नाही. जावई शिगेरू आणि नात तेवढी सोबत आली.

दोन दिवस शहर बघणं चाललं होतं. मत्स्यालयात काचेआडचे खेकडे बघून इवाओ म्हणाला, "घरच्याच माणसांना भेटायला एवढ्या लांब आलो होय!" मिनोरी खिदळली. फुमिएला हसू फुटेना. आज सकाळी गुडघ्यांचं निमित्त करून ती किल्ला बघायला गेली नाही. टॅक्सी करून बुद्धमंदिरात गेली. पांढऱ्या कापडात बांधलेला तो डबा तिने मांडीवर घेतला. जेमतेम तान्ह्या पोराएवढा भरला. मग डोळे धुऊन ती वेळेत हॉटेलवर परतली.

आणि आता ही कमान. आत जावं, तर सुतकातलं पाऊल देवाच्या अंगणात, तेही नातीच्या परीक्षेसाठी. लेकीचं घर वेगळं, पोरीला सुतक नव्हतं. पण आजीच्या पायाने तिचं काही बिघडलं तर? न जावं, तर इवाओ कारण विचारणार. कारण कळल्यावर तो काय म्हणेल, हे फुमिएला पाठ होतं. मेलेल्या पोराला ते वाक्य आणखी एकदा ऐकवायचं नव्हतं तिला.

देव घेईल समजून. तिने मान लववली आणि पाऊल उचललं.

"थांब," मागून इवाओ म्हणाला.

वारा बोचरा होता. त्याने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. "शिगेरू, तुम्ही पोरीला घेऊन पुढे व्हा. आम्ही दोघं इथेच थांबतो."

"का हो बाबा? आईंचे गुडघे परत दुखतायत का?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय! आम्हाला आत जाऊन चालत नाही."

फुमिएच्या तोंडचं पाणी पळालं. तो तिच्याकडे न बघताच पुटपुटला, "त्या खानावळवालीचा फोन सकाळी मीच उचलला होता. दुपारी परत करा म्हटलं, तेव्हा बायको असते घरी. माझ्याच्याने तुला सांगवलं नसतं."

इतके दिवस एका छपराखाली राहून दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते. फुमिएला त्याचा भयंकर राग आला आणि त्या रागातच रडू फुटलं.

मिनोरी गोंधळून एकदा आजीकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. "आत चालत नाही म्हणजे? तुम्हाला सुतक आहे? कुणाचं, आजोबा?"

इवाओने डोक्यावरची टोपी काढली.

"तुझ्या मामाचं."