गुलाबबागेकडची खोली

"मग त्या साधूंना हाकललं, तेव्हा ते गेले कुठे?" मेरियलनं तिकीट देणाऱ्या बाईंना विचारलं.

बाई हसल्या. "राजानं मठ मोडला त्याला पाचशे वर्षं होत आली. कुणी गावी परतले असतील, कुणी दुसऱ्याच्या दारात."

"पण त्या दिवशी संध्याकाळी जेवले कुठे?"

मागे उभ्या असलेल्या पर्यटकांत हशा पिकला. मेरियलही त्यांच्याबरोबर मोठ्यानं हसली आणि कमानींकडे निघून गेली.

सेड्रिक प्रॉसर बाकावर बसून आपल्या चाळिशीतल्या लेकीकडे बघत होता. मठाला छप्पर नव्हतं. नुसत्या भिंती, आणि खिडक्यांच्या जागी आभाळ. श्रॉपशर परगण्यातला एकही किल्ला, एकही मठ, एकही हवेली या बापलेकींनी सोडली नव्हती. मेरियलची आई गेल्यापासून शनिवार म्हणजे भटकंती, हे ठरलेलंच. पूर्वी गाडी सेड्रिक चालवायचा. यंदाच्या हिवाळ्यात दोनदा इस्पितळात जाऊन आल्यावर ते बंद झालं. आज त्याची भाची जोसलिन गाडी घेऊन आली होती.

तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. "मामा, सांगितलंस तिला?"

"सांगतो."

"महिनाभर सांगतोच आहेस."

सेड्रिकनं चहावर फुंकर घातली. तेवढ्यानंही त्याला धाप लागली.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय ना?" जोसलिन आवाज खाली आणून म्हणाली. "मेरियलला एकटीला झेपणार नाही. माझं घर म्हणजे खुराडं, त्यात ती दोन कार्टी. नाहीतर मी..."

"मी तुला काही म्हणालो का?"

"म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

सेड्रिकनं सगळ्याला होकार देऊन टाकला होता. कागदांवर सही केली होती. दुसरा काही मार्ग त्याला सापडला नव्हता, आणि शोधायला अंगात बळही उरलं नव्हतं. फक्त मेरियलला सांगायचं राहिलं होतं.

गाडीत मेरियलनं अंड्याचे सँडविच काढले. ते तिनंच पहाटे उठून केले होते. बापाच्या गळ्याशी रुमाल खोचत ती म्हणाली, "बाबा, आज तू त्या मठापेक्षा पडका दिसतोयस."

"त्याला बघायला लोक तिकीट काढतात. मला कोण काढतंय?"

"मी काढीन की. पण म्हाताऱ्यांना सवलत असते हं, अर्धंच."

सेड्रिक हसला. हसता हसता खोकला आला. मेरियल त्याची पाठ चोळत राहिली. जोसलिननं गाडीचा आरसा जरा वर वळवला.

थॉर्नकोट हॉल हा वाडा पूर्वी एका उमरावाचा होता. वारसांना तो पेलेना, म्हणून त्यांनी एका संस्थेला देऊन टाकला. बाग शनिवारी सगळ्यांना खुली असायची. हवेलीत आता, ज्यांना एकट्यानं राहणं जमत नाही अशी माणसं राहायची. हिरवळीवरच्या एका माणसानं या तिघांना हात केला, आणि ती दारात पोचेपर्यंत करतच राहिला.

व्यवस्थापक ओकलीबाई पायरीवरच उभ्या होत्या. त्यांनी सेड्रिकचा हात दोन्ही हातांत घेतला. "प्रवास बरा झाला ना? खोली तयार आहे. वरच्या मजल्यावर, गुलाबबागेकडची. चला, बघून घेऊ."

मेरियल जागीच थांबली. "वर? बाबांना जिना चढवत नाही. खालची नाही का एखादी?"

ओकलीबाईंनी सेड्रिककडे पाहिलं. सेड्रिकनं कठड्याकडे पाहिलं.

"चढतो हळूहळू," तो म्हणाला.

मेरियलनं त्याला खांदा दिला. दर दोन-तीन पायऱ्यांना तो थांबे, तीही थांबे. वर पोचेपर्यंत त्याचे ओठ निळसर झाले होते.

खोली उजेडाची होती. पलंग, कपाट, खिडकीपाशी आरामखुर्ची. ओकलीबाई म्हणाल्या, "निवांत बोला तुम्ही," आणि दार ओढून गेल्या.

मेरियलनं बापाला खुर्चीत बसवलं. गादी दाबून पाहिली. उशी थोपटून ठेवली. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मला माहितीये, बाबा."

सेड्रिकनं मान वर केली.

"जोसलिन फोनवर बोलत होती ना, मी ऐकलं. प्रॉसर आडनाव घेतलं, थॉर्नकोट म्हणाली. मी मागच्या अंगणात जाऊन रडून घेतलं. आता नाही रडणार. तू पण नको रडूस."

"मेरियल, ऐक..."

"तू ऐक. घराची काळजी करू नकोस. मला अंडी उकडता येतात, बंब लावता येतो. दर शनिवारी बसनं येईन. आपण बागेत फिरू. इथं तिकीट पण नाही."

सेड्रिकनं पुढे वाकून तिच्या कपाळावरचे केस बाजूला सारले. तिनं त्याचे गार पडलेले हात आपल्या गालांना लावले.

दार उघडलं. जोसलिननं आत एक मोठी बॅग ठेवली. कुणाकडे न बघता ती पुन्हा बाहेर गेली. तिची पावलं जिन्यापर्यंत गेली नाहीत. भिंतीपलीकडेच थांबली.

"बघ, आली तुझी बॅग." मेरियल उठली. "तू बैस निवांत. मी लावते तुझे कपडे."

"नको, पोरी. राहू दे."

"गप रे. तुला कपाटातलं काही सापडतं का कधी?"

तिनं बॅग पलंगावर घेतली, चेन सरकवली आणि झाकण उघडलं. सगळ्यात वर तिचाच फुलाफुलांचा नाइटगाऊन होता. त्याखाली तिचेच स्वेटर, तिच्याच सपाता.