कायमचा पत्ता

परदेशी गेलेल्यांचा मायदेशातला मतदानाचा हक्क काढून घेऊ नये, म्हणून थोरल्याने तिकडे समिती काढली आणि अध्यक्षही तोच झाला. "आम्ही इथे असलो तरी जीव घरातच अडकलाय," हे वाक्य तो भाषणात इतकं मनापासून म्हणे, की चहाच्या रांगेतले लोकही वळून बघत.

हक्क टिकला. पहिला अर्ज अर्थातच अध्यक्षांचा. कायमचा पत्ता तर त्याने डोळे मिटून लिहिला, तिसऱ्या मजल्यासकट. महिन्याभराने अर्ज परत आला. वर शेरा होता, 'या पत्त्यावर दुसरेच लोक राहतात.'

त्याने तडक आईला व्हिडिओ कॉल लावला. नेहमीप्रमाणे पडद्यावर आईचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसू लागला.

"आई, काय एकेक कामचुकार भरलेत बघ! आपल्या घरात म्हणे दुसरेच लोक राहतात."

"खरंच आहे की रे. गुडघ्यांना तीन जिने झेपेनात, म्हणून ते घर सोडून मी मावशीकडे राहायला आले. दीड वर्ष होईल आता."

"दीड वर्ष? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

कपाळ जरा बाजूला सरकलं. वरचा पंखा पांढरा होता. घरातला तपकिरी होता, हे त्याला आज आठवलं.

 

"सांगितलं होतं रे. तू तेव्हा भाषण लिहीत होतास. 'छान, छान' म्हणालास."