नमुन्याचा आकडा

तिसऱ्या दिवशीही यशोधराचं ठरेना. लॅपटॉपवर एकच पान तिने तीन तऱ्हांनी लिहून ठेवलं होतं. पहिलं बघितलं की पहिलं बरं वाटे, तिसरं बघितलं की तिसरं.

काम तसं सरळ होतं. सापाच्या विषावरची इंजेक्शनं कोणत्या दवाखान्यात आज किती शिल्लक आहेत, हे तळेघरकडच्या वाड्यांना मोबाइलवर दिसायला हवं होतं. कळंबच्या समाधानने चार मित्र जमवून हे अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी तो दवाखान्यांना फोन करून आकडे गोळा करी. ते सांभाळणारा, जावा या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम त्याच्या शेजारच्या यशोधराने लिहून दिला होता. फक्त आकडे पानावर मांडायचे राहिले होते. त्याला एक साचा लागतो, आणि साच्यात आकडे भरणारं इंजिन लागतं. तसली इंजिनं ढीगभर.

पुण्याच्या कंपनीतला तिचा सहकारी आदेश म्हणाला, जेएसपी घे, जुनं आहे, सगळ्यांना येतं. कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या, जुनं आहे म्हणूनच घेऊ नकोस, थाइमलीफ घे. इंटरनेटवर कुणीतरी फ्रीमार्करच कसं चांगलं, हे पानभर लिहिलं होतं. यशोधराला तिघांचंही पटलं. काय अडलंय म्हणून वडिलांनी विचारलं, तेव्हा तिने त्यांना तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचं तिलाच कळेनासं झालं.

शेवटी समाधान म्हणाला की ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच दाखवू. दोघं मोटारसायकलवर तळेघरला गेले. भातं काढणीला आली होती. आशा सेविका बायडाबाई ओट्यावर वाट बघत बसली होती. पन्नाशीला टेकलेली बाई, आसपासच्या पाच वाड्या रोज पायी फिरणारी.

तिथे रेंज नव्हती. प्रोग्राम आकड्यांपर्यंत पोचेना. मग यशोधराने नुसते साचेच उघडून दाखवले. जेएसपीच्या पानावर कंसांचा आणि खुणांचा गिचमिड पसारा दिसला. फ्रीमार्करचंही तेच. थाइमलीफचं पान मात्र नीटनेटकं उघडलं. त्या इंजिनाची ती खुबीच होती. खरी माहिती येईपर्यंत साच्यात नमुन्याची माहिती लिहून ठेवता येते, म्हणजे पान कसं दिसेल ते कळतं. वर जवळच्या एका आरोग्य केंद्राचं नाव होतं. खाली हिरव्या चौकटीत आकडा होता, बारा.

बायडाबाईने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. हे लई ब्येस हाय म्हणाली, बघितल्या बघितल्या कळतंय. यशोधराला तिच्याहून जास्त आनंद झाला. तीन दिवसांचा घोळ मिटला होता. परतताना घोडेगावात रेंज आली, तशी तिने आदेशला कळवून टाकलं की थाइमलीफ ठरलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. बायडाबाई जीपमधून बोलत होती. वाडीतल्या साळुबाईला भात कापताना घोणस चावली होती. तिला घेऊन ते आडरस्त्याने निघाले होते, आणि खिंडीत आत्ता कुठे रेंज मिळाली होती.

"ताई, त्या बारातली इंजेक्शनं राखून ठिवाया सांगा. आमी पोचतोच हाय."

यशोधराला कळेना, कसले बारा. मग कळलं. ते बारा तिनेच लिहिले होते. चौकट रिकामी दिसू नये आणि दोन अंकी आकडा तिच्यात मावतो का ते कळावं, म्हणून.

"मावशी, तिकडे जाऊ नका. गाडी थांबवा. फोन चालू ठेवा."

तिने लॅपटॉप उघडला. खऱ्या यादीत त्या केंद्रासमोर शून्य होतं. घोडेगावच्या रुग्णालयासमोर पंचवीस. हा आकडा खरा होता, त्याच दिवशी सकाळचा होता, तरी तिला तो वाचून दाखवायचा धीर होईना. वडिलांच्या फोनवरून तिने घोडेगावला विचारलं. तिथली परिचारिका फ्रिज उघडून बघायला गेली. एका कानाला तो फोन आणि दुसऱ्या कानाला साळुबाईचं कण्हणं, अशी यशोधरा उभी राहिली. परिचारिका परत आली आणि म्हणाली, आहेत, लगेच आणा.

जीप मागे वळली. तोवर पाऊण तास वाया गेला होता.

साळुबाई वाचली. दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि तिने वाटीभर पेज घेतली. यशोधरा त्या दिवशी तिला बघायला घोडेगावला निघाली. आदल्या संध्याकाळी आदेशने तिला समजावलं होतं की इंजिनात काहीच खोट नाही, पान सुरू झाल्यावर नमुना कुणाला दिसतच नाही. ते बरोबर होतं. मग चुकलं कुठे? दुसरं इंजिन घेतलं असतं तर हे टळलं असतं का? एसटीत तिने तिन्ही साचे पुन्हा डोळ्यांसमोर आणून बघितले. काही उलगडेना.

बायडाबाई व्हरांड्यात बाकावर बसली होती. यशोधरा तिच्या शेजारी बसली. कसं सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून तिने सरळच सांगितलं.

"मावशी, त्या दिवशीचे बारा खरे नव्हते. पान रिकामं दिसू नये म्हणून मी मनाने लिहिले होते."

बायडाबाई रागावल्यासारखी दिसली नाही. तिने पदराने चष्मा पुसला, तो हातातच ठेवला.

"पान कोरं असतं तर मी इचारलं असतं," ती म्हणाली.