ट्रामचा वरचा मजला

एकेचाळीस सालच्या मे महिन्यात मॅट्रिकची परीक्षा दिलेली इंदू नगरहून मुंबई बघायला आली. सोबतीला आत्या होती, नवव्या वर्षी विधवा झालेली. सात दिवस इंदूने तिला उन्हातान्हात शहरभर फिरवलं. आत्या लाल आलवणाचा पदर डोक्यावर घट्ट धरून निमूट मागे यायची; जन्मात तिने कुणापाशी काही मागितलं नव्हतं. शेवटच्या दुपारी म्युझियम तेवढं राहिलं होतं. त्याचाच इंदूला वर्षभर ध्यास होता. दोघी ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसल्या. वाऱ्याने आत्याचा पदर घसरला. तिने तो सावरला नाही. म्युझियम आलं. “आत्या, ऊठ, आपल्याला उतरायचंय.” आत्या हलली नाही. लाजत, हलक्या आवाजात म्हणाली, “इंदे, आणखी थोडं बसूया का गं?” इंदूने म्युझियमच्या घुमटाकडे पाहिलं. मग ती पुन्हा बसली आणि कंडक्टरला म्हणाली, “दोन तिकिटं, शेवटच्या थांब्यापर्यंतची.”