पाहायचं राहिलेलं शहर

रीडिंग शहरातल्या ऑफिसने सुश्रुतला तीन वर्षं शनिवार-रविवारीही सोडलं नव्हतं. आता सोमवारी पुण्याला कायमचं परतायची फ्लाइट होती आणि राहतो ते ऑक्सफर्डच पाहायचं राहिलं होतं, म्हणून त्याने स्वतःसाठी आणि बायकोसाठी, ऋजुतासाठी, दोन सायकली भाड्याने आणल्या. पण सकाळपासून एकही गोष्ट धड होईना. दगडी गल्लीत त्याच्या सायकलची चेन दोनदा पडली. नकाशा बघून घेतलेलं वळण एका कॉलेजच्या बंद दाराशी जाऊन संपलं. बाजारपेठेत पोहोचले, तर तिथे दिवसा सायकल चालवायला बंदी. दोघं उतरून सायकली ढकलत चालू लागले.

"युजलेस आहे हा मॅप! डोकं फिरायची वेळ आलीय," तो करवादला.

"या बोळातून चल. नदीवर निघू," ऋजुता म्हणाली.

खरंच नदी आली.

"तुला गं कसं माहीत?"

ती काही बोलणार, तोच काठावरच्या बाकावरून एका म्हाताऱ्या इंग्लिश बाईंनी हात हलवला. "ऋजुता! आज उशीर केलास. आणि हे कोण?"

"माझा नवरा."

बाई गडबडून उठल्या. सुश्रुतचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "माफ करा हं. ही रोज एकटीच चालत येऊन माझ्याशेजारी बसते. तुमचा विषय निघाला की गप्प होते. मला वाटायचं, तुम्ही हयात नाही."